अर्जातली गर्दी

माझे शिक्षण मराठी चौथीपर्यंत झाले. कचेरीचे काम तेव्हा उर्दूत चाले; ते उर्दू मी शाळेत नव्हे, तर एका वृद्ध मुन्शींच्या जाजमावर बसून, त्यांच्या जुन्या अर्जांच्या नकला करीत शिकलो. असे असूनही अंबडच्या कचेरीसमोर अर्जनवीस म्हणून मी जी अठरा वर्षे बसलो, त्या काळात माझ्या हातचा अर्ज भाषेच्या कारणाने परत आल्याचे मला आठवत नाही. वकीलसुद्धा कधीकधी माझ्याकडून मजकूर तपासून नेत. हे बढाईसाठी सांगत नाही. पुढे जे सांगावयाचे आहे त्याचे मूळच या अभिमानात आहे, म्हणून ते आधी सांगणे भाग आहे.

माझा दुसरा अभिमान चहाच्या हॉटेलांचा होता. कामानिमित्त जिथे जाई तिथले हॉटेल मी आधी पाही आणि अशील मागाहून. आमच्या वडिलांच्या पिढीत चहा पिणाऱ्याकडे संशयाने पाहत. मी मात्र जिल्ह्यातील सगळ्या चहांची चव डोळे मिटून ओळखीन असे म्हणत असे. जालन्याला स्टेशनाजवळ एका इराण्याचे हॉटेल होते. गोल संगमरवरी टेबले, वळणदार पाठीच्या खुर्च्या आणि भिंतीभर आरसे. त्या आरशांत माणूस एकाच वेळी चार ठिकाणी चहा पिताना दिसे. मी तिथे टोपी नीट करूनच शिरत असे. जालन्यातच मस्तगडात एका बोळाच्या तोंडाशी भज्यांचे हॉटेल होते. तिथला चहा सुमार होता, परंतु मिरचीच्या भज्यांसाठी मी मोंढ्यातले काम उगाच लांबवीत असे. राजूरला चतुर्थीच्या दिवशी गणपतीच्या वाटेवर तट्ट्यांचे मांडव पडत आणि त्यांत पितळी पेल्यांतून गुळाचा चहा मिळे. यात्रेकरूंचे एखाददुसरे काम होई, पण खरे म्हणजे मी त्या चहासाठी जात असे.

तरीही माझे म्हणावे असे हॉटेल एकच होते, आणि ते अंबडला कचेरीच्या भिंतीला लागून, निंबाच्या सावलीत होते. वर पत्रा, आत पाच बाकडी, दारात चहाचे पाणी उकळत ठेवणारा तांब्याचा समोवार. तो समोवार दर शुक्रवारी चिंचेने घासला जाई. मालक साठीच्या पुढचे होते. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणत असे. मागच्या खोलीत त्यांची पत्नी, आमची चाची, पडद्याआड समोसे वळीत बसे. तिची दृष्टी उतरत चालली होती, पण समोशाची कड ती बोटांनीच पाहत असे. मुलगा नव्हता, एक मुलगी परतूरकडे दिलेली. दुकान आणि घर दोन्ही त्या पत्र्याखालीच होते. तो पत्रा गेला तर दोघांना जाण्यासारखी जागा नव्हती, हे गावात सर्वांना ठाऊक होते.

मी तिथे चहा घेतो हे आमच्या घरी माहीत नव्हते, आणि माहीत झाले असते तर घरच्यांना रुचले नसते. काही गिऱ्हाइकांना बाहेरच्या ओट्यावर, खुंटीवरच्या वेगळ्या कपात चहा मिळे, हेही इथे नमूद करतो. त्या काळी त्यावर कुणी चकार शब्द काढीत नसे, मीही नाही. मात्र हा तपशील पुढे मला आठवावा लागला.

या हॉटेलात एक रिवाज होता, तो मी अन्यत्र कुठेही पाहिला नाही. तारखेसाठी आलेली खेड्यातली माणसे तिथे चहा पीत पुकाऱ्याची वाट पाहत. कचेरीच्या पायरीवरून चपराशाने नाव पुकारले की तो माणूस उठे, आपला कप बशीत पालथा घाली आणि आत जाई. कप पालथा म्हणजे जागा धरलेली आहे, माणूस परत येणार आहे. बाकावर कितीही दाटी असो, पालथ्या कपासमोर कुणी बसत नसे. चाचा तो कप उचलीत नसत. सुनावणी लांबली तर कप दिवेलागणीपर्यंत तसाच राही. परत आलेला माणूस कप सरळ करी, आणि त्याच्या तोंडाकडे पाहून चाचा त्यात गरम चहा ओतीत. निकाल काय लागला असे ते कधी विचारीत नसत. मी माझ्या लेखणीवर जितका विश्वास ठेवी, तितकाच ती माणसे त्या कपावर ठेवीत, असे आज वाटते.

एके वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला हुकूम निघाला की कचेरीच्या भिंतीलगतची सर्व दुकाने महिनाभरात उठवावीत. भिंतीलगत एकूण सहा दुकाने होती: न्हावी, विडीवाला, दोन किराणे, एक शिंपी आणि चाचा. हुकूम चिकटवला त्याच दुपारी चाचा माझ्या जाजमापाशी येऊन उकिडवे बसले.

"मुन्शीजी, चार ओळी लिवून द्या. म्हातारा झालो, घरवालीला बराबर दिसत न्हाई, मागच्या खोलीत राहून राह्यलो. बस, एवढंच."

मी त्यांना सांगितले की एवढ्याने होत नाही. म्हातारपणाचे आणि आंधळेपणाचे अर्ज रोज दहा जातात. साहेब दुसऱ्या ओळीपुढे वाचीत नाहीत. अर्ज वाचताना हाकिमाची मान वर आली पाहिजे. दुकानाचा लोकांना उपयोग काय, हे त्यात ठसले पाहिजे. त्यांनी मान डोलावली. त्यांना माझे म्हणणे पटले की माझा आवाज पटला, हे सांगता येत नाही.

त्या अर्जावर मी दोन दिवस घातले. एवढे श्रम मी पैसेवाल्या अशिलासाठीही घेतले नव्हते. चाचांवर माझे प्रेम होते, यात शंका नाही; परंतु दोन दिवस बसलो ते प्रेमापायी नव्हे. असा विषय हाती आल्याचा आनंद होता. माझ्या उस्तादांच्या, त्या वृद्ध मुन्शींच्या, नकलांत एका जहागीरदाराच्या देवडीचे, म्हणजे वाड्याचे, वर्णन करणारा एक जुना अर्ज होता. त्यातली एक लांब ओळ मला फार आवडे, आणि ती कुठे वापरावी याची संधी मी कित्येक वर्षे शोधीत होतो. ती मी जरा फेरफार करून चाचांच्या पत्र्याखाली आणून बसविली. तिचा मराठी अर्थ असा होतो: 'हे स्थान केवळ दुकान नसून तालुक्याच्या रयतेची मजलिस आहे; येथे दररोज शेकडो लोक, सर्व जातिधर्मांचे, एकत्र जमतात, वर्तमानपत्र मोठ्याने वाचले जाते, राज्यकारभाराच्या गोष्टींचा खल होतो, आणि येथे जे ठरते तेच गावोगाव जाते.'

वस्तुस्थिती अशी होती की हॉटेलात एका वेळी पंधरा माणसे बसली तर सोळाव्याला उभे राहावे लागे. वर्तमानपत्र जालन्याहून चार दिवसांचे शिळे येई आणि त्यातून सरकीचे भाव तेवढे वाचले जात. तेही मीच वाचीत असे. खल व्हायचा तो बैलांचा, पावसाचा आणि कुणाच्या वकिलाने कुणाला फसविले याचा. एकत्र जमण्याविषयी म्हणाल, तर ओट्यावरच्या खुंटीचे कप वर सांगितलेच आहेत.

आमच्या धंद्याचा नियम असा की अर्ज तयार झाला की तो अर्जदाराला वाचून दाखवायचा, आणि खाली 'सुनकर दुरुस्त तस्लीम किया', म्हणजे ऐकून बरोबर असल्याचे कबूल केले, असे लिहून त्यावर अंगठा घ्यायचा. मी तो अर्ज बाजाराच्या दिवशी सकाळी हॉटेलातच उभा राहून वाचला. उर्दू ओळ वाचायची आणि मागोमाग तिचा मराठीत अर्थ सांगायचा, अशी माझी पद्धत होती. वाचताना आवाज कुठे चढवावा हे मला चांगले ठाऊक होते. मजलिसीच्या ओळीला लोकांनी वाहवा केली. भोकरदनकडचा एक शेतकरी बशीतला चहा फुंकीत म्हणाला, "मंग आमचे बैल बी मोजा, मुन्शी. ते बी भायेर जमूनच राह्यले." सगळे हसले, मीही हसलो.

चाचा तेवढे हसले नाहीत. "शेकडो म्हणजे लई झाले न्हाई का?" त्यांनी विचारले.

मी म्हणालो, "अर्जात पंधरा माणसं शोभत नाहीत, चाचा."

तेवढ्यात पडद्याआडून चाचीचा आवाज आला. ती आम्हा पुरुषांच्या बोलण्यात कधी पडत नसे. ती म्हणाली, "गर्दीचं कशाला लिवलं, भाऊ? त्यायला गर्दी आवडत न्हाई."

आजही ते वाक्य मला त्याच आवाजात ऐकू येते. सभा भरवायची तर सरकारची परवानगी लागण्याचे ते दिवस होते. कुणाच्या अंगणात चार माणसे जास्त दिसली तरी पोलीस विचारणा करीत. मी रोज कचेरीसमोर बसणारा माणूस. हे मला कळायला हवे होते, आणि कळतही होते. परंतु ते ज्ञान एका बाजूला होते आणि ती ओळ दुसऱ्या बाजूला. मी चाचीला समजावून सांगितले की अर्जाची भाषा वेगळी असते, हाकिमांना ती ठाऊक असते, तिच्यातला प्रत्येक शब्द कुणी मोजून पाहत नाही. चाचांनी शाईत अंगठा बुडविला आणि मी दाखविले तिथे टेकविला.

आठेक दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमारास, अमीनसाहेब, म्हणजे आमच्याकडचे पोलीस अधिकारी, दोन शिपायांसह हॉटेलात आले. वरून अर्ज त्यांच्याकडे चौकशीस आला होता. ते दाराशी उभे राहिले आणि कागद उघडून त्यांनी माझी ती ओळ वाचली. त्यांचे वाचन उत्तम होते. शब्द कुठे तोडावा, कुठे थांबावे, हे माझ्यापेक्षा त्यांना अधिक कळत होते. ऐकताना प्रथमच माझ्या लक्षात आले की या ओळीत प्रत्येक शब्दाला एक कलम लागू शकते.

मग त्यांनी चाचांना शांतपणे विचारले की वर्तमानपत्र कोण वाचतो, राज्यकारभाराविषयी कोण बोलतो, इथे ठरलेले गावोगाव कोण नेतो.

"हुजूर, लोक चहा पितेत आन् जातेत," चाचा म्हणाले.

"तर मग हे खोटं लिहिलं आहे?"

खरे म्हणावे तर बिनपरवाना सभा, खोटे म्हणावे तर सरकारपुढे खोटा मजकूर. मी कोपऱ्यातल्या माझ्या नेहमीच्या जागी कप हातात धरून बसलो होतो. अर्जाखाली अर्जनविसाचे नाव असतेच. अमीनसाहेबांची नजर त्या नावावर गेली असणार, पण त्यांनी माझ्याकडे मान वळविली नाही. दुसऱ्या दिवशी कचेरीत हजर राहायचे आणि येणाऱ्या-बसणाऱ्या लोकांची नावे घेऊन यायचे, एवढे चाचांना बजावून ते गेले. बाकडी पाहता पाहता रिकामी झाली. कुणी कप पालथा घातला नाही.

त्या दुपारी चाचा पुन्हा माझ्या जाजमापाशी आले. या खेपेस ते बसले नाहीत.

"उद्या माझ्यासंगं आत चला, मुन्शीजी. म्हणा की हे शब्द माझे हायती, याचे न्हाईत. तुमी लिवणारे. तुमचं ते ऐकतेल."

मी काय गमावणार होतो, ते स्पष्ट लिहितो. अर्ज लिहिण्याची माझी सनद कदाचित गेली असती. त्याहून मोठे म्हणजे, माझा मजकूर हा मजकूर नसून उसन्या ओळींचा पसारा आहे, हे मला भर कचेरीत माझ्या तोंडाने सांगावे लागले असते. मी अर्जाची माझ्याजवळची नक्कल काढली, शेवटच्या ओळीवर बोट ठेवले आणि त्यांना सांगितले की मजकूर वाचून दाखविलेला आहे, तुम्ही तो ऐकून कबूल केलेला आहे, आणि कायद्याने तो आता तुमचाच जबाब आहे. हे सारे मी अत्यंत शुद्ध भाषेत सांगितले.

चाचांना वाचता येत नव्हते. तरी ते माझ्या बोटाखालच्या अक्षरांकडे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "अंगठा तर माझाच हाय. बराबर."

दुसऱ्या दिवशी मी जाजम घातले नाही, हॉटेलात जाऊन बसलो. का, ते मला सांगता येणार नाही. गिऱ्हाईक माझ्याखेरीज दोघेच होते. चाचांनी आम्हाला चहा दिला आणि मग स्वतःसाठी एक कप भरला. इतक्या वर्षांत त्यांना गिऱ्हाइकांसमोर चहा पिताना मी पाहिले नव्हते. ते माझ्या समोरच्या बाकावर बसून, सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्याले. पायरीवरून त्यांच्या नावाचा पुकारा झाला. त्यांनी कप बशीत पालथा घातला, पडद्याकडे तोंड करून "आलोच," एवढे म्हटले आणि गेले.

कचेरीची पायरी तिथून वीस पावलांवर होती. ती वीस पावले चालण्यासाठी माझ्याजवळ सकाळपासून दुपारच्या नमाजाच्या बांगेपर्यंतचा वेळ होता. त्या वेळात मी काय केले तर खिशातला दुसऱ्या एका अशिलाचा कच्चा मजकूर काढला आणि त्यातले शब्द खोडीत बसलो. पडद्याआडून एकदा चाचीने विचारले, "कप तसाच हाय का, भाऊ?" मी "हाय" म्हटले.

आत काय झाले ते मला नंतर चपराशाने सांगितले. चाचांनी एकही नाव दिले नाही. पुन्हापुन्हा विचारल्यावर एवढेच म्हणाले, "नावं ठाऊक न्हाईत, हुजूर. कोण किती साखर घेतो ते ठाऊक हाय." माझे नावही त्यांनी घेतले नाही. अर्ज कुणाच्या सांगण्यावरून असा लिहिला, असे विचारले तेव्हा अंगठा आपला आहे, असे ते म्हणाले. हॉटेलची परवानगी रद्द झाली आणि महिन्याऐवजी तीन दिवसांत जागा खाली करण्याचा हुकूम झाला.

परत आल्यावर चाचांनी कप सरळ केला. त्यात चहा ओतला नाही. तो विसळून, पुसून इतरांबरोबर टोपलीत ठेवला.

तिसऱ्या दिवशी बैलगाडी आली. समोवार गोणपाटात बांधला. चाची गाडीत बसण्यापूर्वी दाराच्या चौकटीवरून, मग निंबाच्या खोडावरून हात फिरवीत गेली. मी पलीकडे उभा होतो. मी उभा आहे हे तिला दिसत नव्हते, आणि मी बोललो नाही.

मला आजवर सर्वाधिक सलते ते पुढचे. भिंतीलगतची बाकीची पाच दुकाने कुणी उठविलीच नाहीत. न्हाव्याने अर्ज केला नव्हता. शिंप्याने एका पोरसवद्या कारकुनाकडून तीन ओळींचा अर्ज लिहून घेतला होता. आम्ही गरीब आहोत, दया करावी, इतकेच त्यात होते. हुकूम दप्तरात पडून राहिला आणि पुढे कुणाला त्याची आठवणही उरली नाही. चाचांच्या जागेवर मात्र निंबाचा पाला साचत राहिला. आणि माझे नाव कमी झाले म्हणावे तर तसेही नाही. याच्या अर्जावर अमीन स्वतः चालून आला, असे खेड्यापाड्यांत बोलले जाई आणि अशील वाढले. मला कुणीही दोष दिला नाही. जालन्याच्या इराण्याकडे मी अजून जात असे, पण आरशांकडे पाठ करून बसे.

दोन वर्षांनी चतुर्थीला राजूरला गेलो असता मांडवांच्या ओळीत शेवटच्या मांडवाशी तो समोवार दिसला. चिंचेने घासलेला, लखलखीत. मागे चाचा होते, खूप वाळलेले. मी परत फिरणार होतो, पण त्यांनी मला पाहिले होते. त्यांनी बाकावरची धूळ फडक्याने झटकली आणि म्हणाले, "बसा, मुन्शीजी."

मी बसलो. यात्रेची, पावसाची चौकशी केली. जे बोलायचे ते मी या दोन वर्षांत अनेकदा मनात मांडले होते, त्याची सुरुवातही मला पाठ होती. ती फारच सुंदर होती, आणि म्हणूनच माझ्या तोंडातून निघाली नाही.

थोड्या वेळाने तेच म्हणाले, "कागद हाय का? लेकीला चिठ्ठी लिवायची. सांगतो तेवढंच लिवा."

मी दौत काढली. सवयीने माझा हात मायन्याकडे वळला. डोळ्यांचा प्रकाश, काळजाचा तुकडा, असे सगळे शब्द लेखणीच्या टोकाशी येऊन उभे राहिले. मी थांबलो. त्यांनी सांगितले ते उर्दूत लिहिले: 'तुझ्या आईला आता काहीच दिसत नाही. चहा मीच करतो, समोसे बंद केले. येताना काही आणू नकोस, नुसती ये.' तीन ओळी झाल्या. त्या लिहिताना मला जेवढा वेळ लागला तेवढा कधी पानभर मजकुराला लागला नव्हता. मी त्या वाचून दाखविण्यासाठी कागद वर उचलला, तोच त्यांनी तो माझ्या हातातून हळूच घेतला.

ते शेजारच्या मांडवात अत्तरवाल्याकडे गेले. त्याला उर्दू येत असावे. माझ्याकडे पाठ करून ते उभे राहिले आणि अत्तरवाल्याने चिठ्ठी मोठ्याने वाचली. त्यांनी मान खाली घालून ऐकली. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "भाई, अजून एकदा वाचा."

अत्तरवाल्याने पुन्हा वाचली. मी पितळी पेला हातात धरून ऐकत राहिलो. चहा निवत होता.